टी-रेग वेगळ्या करणारं चुंबकी किट: पेटीवरचा आकडा आणि नळीतल्या पेशी

निकाल आधीच सांगते. माणसाच्या रक्तातून रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे आम्ही ज्यांना नुसतं टी-रेग म्हणतो त्या, वेगळ्या काढायच्या असतील आणि हाताशी सेल सॉर्टर (एकेक पेशी तपासून वेगळी करणारं यंत्र) नसेल, तर दोन टप्प्यांचं चुंबकी किट जरूर घ्या. एका दिवसात काम उरकतं, पेशी जिवंत मिळतात आणि पुढे वाढवताही येतात. पण पेटीवर शुद्धतेचा जो आकडा छापलेला असतो, त्याच्या भरवशावर प्रयोग आखू नका. तो आकडा कशाचा आहे, हे नीट समजून घेतल्याशिवाय तर नकोच.

ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं अशा, आजारांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत पेशींचं सगळं काम माझ्याकडे असतं. रक्ताची नळी आली की ती उघडण्यापासून ते पेशी इन्क्युबेटरमध्ये ठेवेपर्यंत. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण याच रचनेची किट बऱ्याच जणांची आहेत आणि मी लिहिणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतं.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही, पण घरात कुणाला असा आजार आहे म्हणून जे वाचत आहेत, त्यांच्यासाठी थोडं आधीपासून. आपल्या टी पेशींमध्ये स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतील अशा काही पेशी तयार होतच असतात. बहुतेक पेशी थायमस ग्रंथीतच बाद होतात, पण काही निसटतात. या निसटलेल्या पेशींना शरीरभर फिरून आवर घालण्याचं काम टी-रेग करतात. हा आवर सुटला की टाइप १ मधुमेह, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस, ऱ्हुमॅटॉइड संधिवात यांसारख्या आजारांना वाट मिळते. मग ओघानेच विचार येतो, की रुग्णाच्याच टी-रेग बाहेर काढाव्यात, वाढवाव्यात आणि परत द्याव्यात. रोगप्रतिकारशक्ती सरसकट दाबून टाकणाऱ्या औषधांपेक्षा हा मार्ग कितीतरी नेमका ठरू शकतो. मला या कामाची ओढ आहे ती यामुळेच. आणि या मार्गावरचं पहिलंच पाऊल म्हणजे टी-रेग बाकीच्या पेशींपासून वेगळ्या काढणं. ते पाऊल चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

किटमधली सगळ्यात महत्त्वाची बाटली सीडी२५ ची. ती तिथे का आहे, याचं उत्तर १९९५ सालच्या एका शोधनिबंधात आहे. जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी उंदरांच्या टी पेशींमधून सीडी२५ हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या पेशी काढून टाकल्या आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांच्या थायरॉइडवर, जठरावर, इतरही अवयवांवर त्यांच्याच शरीराने हल्ला चढवला. काढून घेतलेल्या, सीडी४ (मदतनीस टी पेशींवरची खूण) आणि सीडी२५ दोन्ही असलेल्या पेशी वेळेत परत दिल्या, तर आजार टळला. आज आपण चुंबकाने नेमकी तीच मूठ पकडतो. त्या काळात ‘सप्रेसर’, म्हणजे इतर पेशींना दाबणाऱ्या, पेशी हा विषय बदनाम झाला होता आणि बहुतेकांनी त्याकडे पाठ फिरवली होती. साकागुची चिकटून राहिले.

दुसरा धागा फॉक्सपी३ या जनुकाचा. १९४० च्या दशकात अमेरिकेत ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत खपलीदार कातडीचे, काही आठवड्यांतच मरणारे नर उंदीर आपोआप जन्मले. त्यांना ‘स्कर्फी’ नाव पडलं. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्राच्या ज्या भागात या उंदरांचा दोष होता, तो आक्रसत आक्रसत २० जनुकांपर्यंत आणला आणि एकेक जनुक तपासत गेले. दोष सापडला तो अगदी शेवटच्या जनुकात. हे २००१ साल. आयपेक्स नावाच्या दुर्मीळ आजारात याच जनुकात बिघाड असतो, हेही त्याच वर्षी कळलं. या आजाराच्या मुलांना तान्हेपणीच मधुमेह, जुलाब आणि इसब होतो. २००३ मध्ये दोन्ही धागे जुळले, फॉक्सपी३ हेच टी-रेगचं सूत्रधार जनुक आहे हे दिसून आलं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं, त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत काम थांबवून सगळे स्क्रीनसमोर उभे होते.

आता किट.

पेटीत तीन छोट्या बाटल्या असतात. पहिलीत बायोटिन हा पकडायला सोयीचा छोटा रेणू जोडलेल्या अँटिबॉडींचं मिश्रण. ते सीडी४ नसलेल्या सगळ्या पेशींना चिकटतं, शिवाय सीडी१२७ जास्त असलेल्या पेशींनाही. दुसरीत त्या बायोटिनला धरणारे चुंबकी बीड्स, म्हणजे अतिसूक्ष्म मणी. तिसरीत थेट सीडी२५ ला धरणारे बीड्स. सीडी१२७ ची भर २००६ नंतरची. टी-रेगच्या पृष्ठभागावर हे प्रथिन कमी असतं, असं त्या वर्षी दोन गटांनी दाखवलं, आणि नुसत्या सीडी२५ वर भागवण्याचा काळ संपला. तुम्ही अजून जुन्या पद्धतीचं, सीडी१२७ नसलेलं किट वापरत असाल, तर आधी ते बदला. कॉलम (चुंबकात बसवायची जाळीदार नळी, जिच्यातून पेशी सोडतात) आणि चुंबकाचा स्टँड पेटीत येत नाहीत, ते वेगळे मागवावे लागतात. पहिल्यांदा मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर किट फ्रिजमध्ये आणि काम खोळंबलेलं असं होतं.

कृती कागदावर सोपी दिसते. रक्त ग्रेडियंटवर, म्हणजे पेशींना घनतेनुसार वेगळं करणाऱ्या द्रवावर, चढवा, सेंट्रिफ्यूजमध्ये ब्रेक न लावता फिरवा, मधला पांढुरका थर उचला, धुवा, मोजा. इथे एक गोष्ट किटसोबतच्या पत्रकात जेमतेम एका ओळीत आहे आणि ती मी ठळक अक्षरांत लिहिली असती: शेवटची धुलाई कमी वेगाने करा. कमी वेगात पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट वर तरंगत राहून निघून जातात. प्लेटलेट राहिल्या की त्या पेशींना गुठळ्यांत बांधतात, कॉलम मंदावतो आणि नको त्या पेशी अडकून बसतात.

बफरमध्ये ईडीटीए (गुठळ्या रोखणारं रसायन) आणि थोडं अल्ब्युमिन हे प्रथिन हवं, आणि तो थंड हवा. तो आधी निर्वात पंपावर ठेवून त्यातली हवा काढून घ्या. थंड बफर कॉलममध्ये कोमट होऊ लागला की विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात सुटते, आणि कॉलमच्या बारीक जाळीत एक बुडबुडा अडकला तरी धार तुटते. थेंब एका लयीत पडताहेत की अडखळताहेत, हे बघत तिथे उभं राहावं लागतं. वरचा बफर पूर्ण उतरला, पण जाळी अजून ओली आहे, त्या क्षणी पुढची धुलाई ओतायची. उशीर झाला तर जाळी सुकते, घाई केली तर धुणं अर्धवट राहतं. नवीन मुलांना मी हे काम शिकवते तेव्हा त्या अर्ध्या तासात फोन बाजूला ठेवायला सांगते.

बीड्स मिसळल्यावर नळी फ्रिजच्या तापमानाला ठेवा, बर्फात नको. बर्फात अँटिबॉडी सावकाश चिकटतात आणि ठरलेला वेळ पुरत नाही. बाहेर टेबलावर ठेवली तर भलत्याच पेशींवर बीड्स बसतात. कॉलमवर चढवण्याआधी ३० मायक्रॉनच्या गाळणीतून पेशी गाळा, गाळणी आधी बफरने भिजवून.

पहिल्या कॉलममध्ये नको असलेल्या पेशी चुंबकाला चिकटून राहतात आणि खाली उतरतं ते आपलं. दुसऱ्यात उलट. सीडी२५ वाल्या पेशी वर अडकतात, बाकीच्या वाहून जातात, मग कॉलम चुंबकातून काढून दट्ट्याने एकदम दाबला की टी-रेग खाली नळीत येतात. हा दट्ट्या दाबण्याचा क्षण मला दर वेळी आवडतो. खाली येतो तो जेमतेम गढूळ दिसणारा बफर, पण तासन्‌तासांच्या कामाचं फळ त्यात असतं.

आणि या सगळ्यातली सगळ्यात मोलाची सूचना: तिथे थांबू नका. त्या पेशी एका नव्या कॉलमवरून पुन्हा एकदा न्या. पत्रकात हा टप्पा ‘ऐच्छिक’ म्हणून दिला आहे. माझ्या मते तो सक्तीचा हवा. काही पेशी हातच्या जातात, पण उरतात त्या खूपच स्वच्छ असतात. तसंच सीडी२५ चे बीड्स आम्ही सांगितलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी घालतो. माणसाच्या रक्तात सीडी२५ मध्यम प्रमाणात असलेल्या साध्या मेमरी पेशीही (पूर्वीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या) भरपूर असतात. बीड्स मुबलक असले की त्याही ओढल्या जातात. बीड्स मोजके असले की ज्यांच्यावर सीडी२५ दाट आहे त्यांचा नंबर आधी लागतो. अर्थात किती कमी, हे प्रत्येकाने आपल्या नमुन्यांवर ठरवावं.

हाती किती येतं? अपेक्षा वास्तवाला धरून ठेवा. ५० मिलिलिटर रक्तातून साधारण ५ कोटी एककेंद्रकी पेशी (टी पेशी ज्यांत येतात त्या पांढऱ्या पेशी) मिळतात असं धरा. त्यातल्या सीडी४ पेशी २ कोटींच्या आसपास. त्यांच्यात टी-रेगचं प्रमाण ५ ते १० टक्के, म्हणजे १० ते २० लाख. किटमधून यातल्या निम्म्या हाती लागल्या तरी काम चांगलं झालं म्हणायचं. प्रयोगशाळेतल्या बहुतेक चाचण्यांना तेवढ्या पुरतात. उपचाराला नाही, त्याबद्दल पुढे.

आता मूळ मुद्दा, शुद्धता. पत्रकात एक देखणा फ्लो सायटोमेट्रीचा (लेझरसमोरून जाणाऱ्या एकेका पेशीवरच्या खुणा मोजण्याच्या तंत्राचा) आलेख असतो: आडव्या अक्षावर सीडी४, उभ्यावर सीडी२५, वर उजव्या कोपऱ्यात घट्ट पुंजका आणि शेजारी नव्वदीच्या पुढचा टक्का. बघणाऱ्याला वाटतं, नव्वद टक्क्यांहून जास्त टी-रेग मिळाल्या. प्रत्यक्षात आलेख एवढंच सांगतो, की ज्या खुणेने पेशी पकडल्या तीच खूण त्यांच्यावर आहे. सीडी२५ हा आयएल-२ या संदेशद्रव्याच्या रिसेप्टरचा भाग आहे. कुठलीही साधी टी पेशी चेतवली गेली, लढायला निघाली, की तीही सीडी२५ अंगावर आणते, आणि काही काळ तिचं सीडी१२७ सुद्धा उतरतं. म्हणजे आवर घालणारी पेशी आणि हल्ला करायला निघालेली पेशी, दोघी चुंबकाला सारख्याच वाटू शकतात.

निरोगी माणसाच्या रक्तात अशा चेतवलेल्या पेशी थोड्या असतात, म्हणून किट छान चालतं. ऑटोइम्यून आजार भडकलेला असताना घेतलेल्या रक्तात त्या वाढलेल्या असतात. आणि आपल्याला तर हेच रक्त तपासायचं असतं! पत्रकातला आलेख निरोगी दात्याच्या रक्ताचा होता. मी कंपनीला लिहून विचारलं, की रुग्णांच्या नमुन्यांवरचे आकडे आहेत का, निदान फॉक्सपी३ चे तरी? उत्तरादाखल तेच पत्रक पुन्हा जोडून आलं. या एका बाबतीत मी नाराज आहे आणि गुण कापते. किट कशासाठी विकलं जातं हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, तर त्या वापरातले आकडे द्यायला हवेत.

मग फॉक्सपी३ च का बघत नाही, असं कुणी विचारेल. बघतोच. पण फॉक्सपी३ पेशीच्या केंद्रकात बसलेलं असतं. तिथपर्यंत अँटिबॉडी पोचवायची तर आधी पेशी रसायनाने थिजवावी लागते आणि तिच्या पडद्यांना भोकं पाडावी लागतात. म्हणजे जी पेशी खरी टी-रेग आहे अशी खात्री पटली, ती तोवर मेलेली असते. जिवंत ठेवून वापरायच्या पेशींबद्दल आपण फक्त बाहेरच्या खुणांवरून अंदाज बांधू शकतो. टी-रेगच्या उपचारातली सगळ्यात हट्टी अडचण कोणती असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. प्रत्येक वेळी मिळालेल्या पेशींतला एक हिस्सा तपासणीसाठी खर्ची घालायचा आणि त्यावरून उरलेल्यांबद्दल बोलायचं, एवढंच हातात असतं. तो हिस्सा वाचवण्याचा मोह होतो, विशेषतः पेशी कमी आल्या की. वाचवू नका. आणि तपासताना सीडी२५ साठी बीड्सवरच्या क्लोनपेक्षा वेगळ्या क्लोनची, म्हणजे त्याच प्रथिनावर दुसऱ्या जागी चिकटणारी, अँटिबॉडी घ्या, नाहीतर बीड्सनी जागा अडवल्यामुळे चांगल्या पेशीही फिक्या दिसतात.

माणसाच्या बाबतीत फॉक्सपी३ सुद्धा शेवटचा शब्द नाही. चेतवलेल्या साध्या टी पेशी थोडा वेळ तेही बनवतात. २००९ मध्ये साकागुचींच्याच गटाने दाखवलं, की फॉक्सपी३ असलेल्या मानवी पेशींचे सीडी४५आरए या पृष्ठभागावरच्या खुणेच्या मदतीने तीन गट पडतात. एक विश्रांत टी-रेगचा, एक सक्रिय टी-रेगचा, आणि तिसरा अशा पेशींचा की ज्यांच्यात फॉक्सपी३ थोडंसं आहे पण त्या आवर घालत नाहीत, उलट दाहक द्रव्यं सोडतात. हा तिसरा गट किट वगळत नाही. सीडी४५आरए असलेल्या विश्रांत टी-रेग वाढवताना जास्त टिकाऊ ठरतात, म्हणून ज्यांना पेशी लांबपर्यंत वाढवायच्या आहेत त्यांना शेवटी सॉर्टरकडेच वळावं लागतं.

सगळ्यात भरवशाची कसोटी डीएनएवर आहे. फॉक्सपी३ जनुकात टीएसडीआर नावाचा एक छोटा पट्टा आहे. खऱ्या, स्थिर टी-रेगमध्ये त्यावरचे मिथाइल गट (जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) उतरलेले असतात. तात्पुरतं फॉक्सपी३ बनवणाऱ्या पेशींमध्ये ते तसेच असतात. आम्ही प्रत्येक नव्या लॉटमधल्या थोड्या पेशी या चाचणीला पाठवतो. इथे एक गोष्ट न विसरता बघा, रक्त बाईचं आहे की पुरुषाचं. फॉक्सपी३ एक्स गुणसूत्रावर आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स, आणि त्यातला एक बंद केलेला, म्हणून त्या बंद प्रतीवर मिथाइल गट राहतातच. शंभर टक्के शुद्ध टी-रेग असल्या तरी आकडा पन्नाशीच्या आसपासच दिसणार, त्याला दोनाने गुणायचं. ल्युपसचे दहातले नऊ रुग्ण स्त्रिया असतात. हा गुणाकार कुठेतरी राहून गेला तर अख्ख्या गटाच्या टी-रेग निम्म्याने ‘बिघडलेल्या’ ठरतील. किटच्या पत्रकात टीएसडीआरचा उल्लेखही नाही.

आणि मग कामाची परीक्षा: साध्या टी पेशींना रंग देऊन चेतवायचं, सोबत वेगवेगळ्या प्रमाणात टी-रेग ठेवायच्या आणि बघायचं. पेशी विभागली की रंग निम्मा होतो, म्हणून विभागणी किती रोखली ते रंगावरून कळतं. निरोगी रक्तातून दुहेरी कॉलमने काढलेल्या टी-रेग इथे उत्तम उतरतात, टी-रेग कमी करत नेल्या तसा परिणामही पायरीपायरीने उतरतो. याबाबत किटला पूर्ण गुण.

या पेशी वाढवूनही बघितल्या. पेशींना चेतवणारे सीडी३ आणि सीडी२८ चे बीड्स, भरपूर आयएल-२ आणि सोबत रॅपामायसिन हे औषध. रॅपामायसिन सोबत असलं की चुकून आलेल्या साध्या टी पेशी मागे पडतात आणि टी-रेग पुढे जातात. ते न घालता वाढवलं तर थोडीशी भेसळसुद्धा दोन आठवड्यांत वरचढ होऊ शकते, कारण साध्या पेशी टी-रेगपेक्षा भराभर वाढतात. परीक्षेआधी चेतवणारे बीड्स चुंबकाने पूर्ण काढून घ्या. ते राहिले तर निकाल वाचताच येत नाही.

आता उपचाराबद्दल, कारण रुग्णांच्या घरच्यांना रस आहे तो यात. पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या गटाने नुकताच टाइप १ मधुमेह झालेल्या मुलांना त्यांच्याच वाढवलेल्या टी-रेग दिल्या. २०१२ मध्ये निकाल आले, पेशी सुरक्षित ठरल्या आणि काही मुलांची इन्सुलिनची गरज कमी राहिली. अमेरिकेत जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटाने १४ प्रौढांना पेशी दिल्या, सगळ्यात छोटा डोस ५० लाखांचा आणि सगळ्यात मोठा २६० कोटींचा. २०१५ च्या त्या निबंधातली मला भावलेली गोष्ट म्हणजे त्यांनी पेशींच्या डीएनएवर ड्युटेरियमची खूण ठेवली होती, त्यामुळे दिलेल्या पेशी रक्तात किती उरल्या हे मोजता आलं. त्यातल्या काही वर्षभरानंतरही सापडल्या. ५० मिलिलिटर रक्तातले ते १० लाख आणि हे २६० कोटी शेजारी ठेवा, म्हणजे किट आणि उपचार यांच्यात किती अंतर आहे ते दिसेल.

पण आशा वाढवून सोडून देणं मला पटत नाही, म्हणून पुढचंही सांगते. ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर मोठी, यादृच्छिक गट पाडून केलेली चाचणी झाली. तिचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी सुरक्षित होत्या, पण स्वादुपिंडाचं इन्सुलिन टिकवण्यात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या बनावट डोसपेक्षा, फरक पडला नाही. वाईट वाटलं. त्या पेशी निरनिराळ्या लक्ष्यांच्या होत्या, स्वादुपिंड ओळखणाऱ्या त्यांच्यात अगदी थोड्या. म्हणूनच आता टी-रेगना पत्ता देण्यावर भर आहे. कार-टी तंत्राने त्यांच्यावर कृत्रिम रिसेप्टर बसवायचा, म्हणजे त्या नेमक्या अवयवात जाऊन तिथेच काम करतील. अवयव प्रत्यारोपणात एचएलए-ए२ (दात्याच्या अवयवावरची एक ओळखखूण) ओळखणाऱ्या अशा पेशी माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचल्या आहेत.

पेशी बाहेर न काढता शरीरातल्या शरीरातच टी-रेग वाढवण्याचाही मार्ग आहे. टी-रेग स्वतः आयएल-२ बनवत नाहीत, पण सीडी२५ दाट असल्यामुळे अगदी थोडंसं असलं तरी ते पकडतात. हेच आयएल-२ औषध म्हणून मोठ्या मात्रेत कर्करोगासाठी वापरलं जातं. २०११ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की फार कमी मात्रेत ते टी-रेग वाढवतं: एकाने अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या जीव्हीएचडीत (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो आजार), दुसऱ्याने हिपॅटायटिस सी मुळे होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दाहात. ल्युपसमध्येही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे. तिने मला विचारलं होतं, “ताई, तुझ्याकडे एवढं सगळं आहे, तर माझ्या टी-रेग मोजून सांग ना, कमी आहेत का?” मी नाही म्हणाले. नियम आड येतातच, पण खरं कारण मी तिला समजावलं. ल्युपसमध्ये टी-रेग कमी असतात, वाढलेल्या असतात, तेवढ्याच असतात, असे तिन्ही निष्कर्ष छापलेले आहेत. कारण प्रत्येकाने टी-रेग कुणाला म्हणायचं याची रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली. एका आकड्यावरून तिचं औषध बदलणार नाही, आणि त्या आकड्याने तिची झोप मात्र उडेल. ती थोडी हिरमुसली, मग म्हणाली, “मग तुम्ही ती रेघ आधी नीट ओढा.” बरोबरच बोलली.

म्हणून ‘टी-रेग तपासणी’ किंवा ‘टी-रेग वाढवणारी’ पॅकेजेस कुणी विकत असेल, तर रुग्णांनी तिथे पैसे घालू नयेत. नोंदणीकृत चाचणीत भाग घेण्याबद्दल मात्र आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावं. आणि चालू औषधं स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत.

किट कुणी घ्यावं? निरोगी दात्यांच्या रक्तावर टी-रेगचं काम शिकणाऱ्यांनी, सप्रेशनची (टी-रेग विभागणी किती रोखतात ती) चाचणी बसवणाऱ्यांनी, एकाच दिवशी बरेच नमुने हाताळणाऱ्यांनी निःशंक घ्यावं. सॉर्टरवर एकेका नमुन्यामागे तास जातात, इथे तीन-चार नमुने शेजारी शेजारी चालतात. भडकलेल्या आजाराच्या नमुन्यांवर वापरायचं असेल तर किट पहिली पायरी म्हणून वापरा आणि तिथून सॉर्टरवर जा. पेशींची संख्या आधीच कमी झाल्यामुळे सॉर्टरचा वेळही खूप वाचतो. जनुकांच्या अभिव्यक्तीचा बारीक अभ्यास करायचा असेल तर नुसत्या किटवर थांबू नका. दहा टक्के परक्या पेशींचा आवाज तिथे फार मोठा होतो.

गोठवलेल्या पेशींबद्दल बरेच जण विचारतात. चालतं, पण वितळवल्यावर मेलेल्या पेशी आधी काढून टाका. मेलेल्या पेशी कुठल्याही अँटिबॉडीला, कुठल्याही बीडला चिकटतात आणि थेट तुमच्या ‘शुद्ध’ नळीत येऊन बसतात. वितळवलेल्या पेशींना थोडा वेळ कोमट माध्यमात सावरू द्या, मग थंड बफरमध्ये घ्या. ताज्या रक्ताइतकं उत्पन्न मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, रक्ताचं गणित त्याप्रमाणे वाढवून मांडा.

पाचपैकी साडेतीन देते. एक गुण पत्रकातल्या आकड्यांसाठी कापला, अर्धा ‘ऐच्छिक’ म्हणून सोडलेल्या सीडी२५ च्या दुसऱ्या कॉलमसाठी. मागवताना प्रत्येक नमुन्यामागे कॉलम तीन धरा: एक नको ते काढायला आणि दोन सीडी२५ साठी.